नाव कोणाचं, पाणी कोणाचं

ता. आर्वी, जि. वर्धा
तान्हा पोळा

प्रिय दिग्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "भास्कऱ्या, नाईल पाहून आलो लेका! आपली वर्धा म्हंजे नाली हाय बे तिच्यापुढं." मी हसलो, तूही हसलास आणि फोन ठेवला. तुझी वहिनी मात्र लगेच म्हणाली, "कायले तोंड पाडून बसले?" तोंड नव्हतं पाडलं. पण ज्या नदीत आपण टिनाचे डबे पाठीला बांधून पोहायला शिकलो, जिच्या वाळूतल्या ढिवरांच्या वाडीतून टरबुजं चोरली आणि मार खाल्ला, तिला तू नाली म्हणावं? फोनवर भांडायला पैसे पडत नाहीत हे खरं, पण फोनवर मला सुचत नाही. म्हणून पत्र. लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

आधी तुझी बाजू मान्य करतो. नाईल मोठीच. मीच २९ वर्षं झेडपीच्या शाळेत फळ्यावर लिहीत आलो, 'जगातील सर्वांत लांब नदी : नाईल, ६,६५० किमी.' एकदा सातवीतल्या एका पोरानं विचारलं, "गुर्जी, मोजाले सुरुवात कुठून करायची हे कोन ठरवते?" मी त्याला खाली बसवलं. आज वाटतं, त्यालाच फळ्यापाशी उभं करायला हवं होतं. कारण भांडण तिथंच आहे. डोंगरातल्या शंभर झऱ्यांपैकी कोणता झरा 'खरा' उगम धरायचा, मुखाशी कोणत्या फाट्यानं मोजायचं, यावर नदी शेकडो किलोमीटरनं लांब-आखूड होते. २००७ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी अ‍ॅमेझॉन नव्यानं मोजली आणि ६,८०० किमी सांगितली, म्हणजे नाईलच्या पुढे. वाद अजून मिटलेला नाही. पुस्तकात नाईलच आहे, आणि आपण पुस्तकाची माणसं.

पण मला सांग, लक्झरहून अस्वानला बोटीतून जाताना तुझ्या डोक्यावर एक तरी ढग होता का? नसणार. इजिप्तमध्ये पाऊस नावालाच. मग एवढं पाणी येतं कुठून? अस्वानला पोचणाऱ्या पाण्यातलं जवळजवळ ८५ टक्के इथिओपियाच्या पठारावरचं असतं. निळी नाईल तिथल्या ताना सरोवरातून निघते, खार्तूमला पांढऱ्या नाईलला मिळते. पांढरी लांबून येते, बारा महिने येते, पण भरीव पाणी निळीचं. आणि ते येतं कधी? जून ते सप्टेंबर, आपल्याच पावसाळ्यात. इजिप्तचा जुना पूर यायचा तो आपल्या श्रावण-भाद्रपदात, म्हणजे इकडे पोळा आणि तिकडे पूर. १८७७ साली हिंदुस्थानात पाऊस रुसला, मोठा दुष्काळ पडला. त्याच साली नाईलचा पूरही फारच खाली गेला. समुद्राच्या ज्या उलाढालीनं आपल्याकडचे ढग आटवले, तिनंच इथिओपियाचेही आटवले. म्हणजे आर्वीचा कास्तकार आणि कैरोचा कास्तकार एकाच आभाळाकडे पाहून उसासे टाकत होते, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

कैरोला रोडा बेटावरचं नाईल मोजायचं यंत्र पाहिलंस की नाही? यंत्र कसलं, विहीरच ती. मधे दगडी खांब, खांबावर हात या मापाच्या खुणा. सन ८६१ चं बांधकाम. त्याच्याही आधीपासून तिकडे पाणी असंच मोजायचे. रोमन काळातली एक नोंद मला फार आवडते. पाणी १२ हात चढलं तर दुष्काळ, १३ ला भूक, १४ ला आनंद, १५ ला निर्धास्त, १६ ला चैन. त्यावरूनच शेतसाऱ्याचा अंदाज बांधला जायचा. दिग्या, ही आपली आणेवारी झाली की नाही? फरक एवढाच, की त्यांचा खांब खोटं बोलत नसे. आपल्याकडे पन्नास पैशांच्या आत की बाहेर हे कशावरून ठरतं ते मी पत्रात लिहीत नाही.

१९७० साली अस्वानचं उंच धरण पुरं झालं आणि तो पूर कायमचा थांबला. वीज आली, बारमाही पाणी आलं. पण पुरासोबत दर वर्षी फुकट येणारा काळा गाळ धरणाच्या पोटात बसायला लागला आणि शेतकरी खताच्या पोत्यांवर आला. तू पाहिलेली ती संथ, निळीशार नाईल म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी आहे. मी तिला कमी लेखत नाही, फक्त सांगून ठेवतो.

आता खरी गंमत. १९५९ साली इजिप्त आणि सुदाननं करार करून नदी वाटून घेतली. ५५.५ अब्ज घनमीटर इजिप्तला, १८.५ अब्ज सुदानला. ज्याच्या पठारावर पाऊस पडतो त्या इथिओपियाला बैठकीलाच बोलावलं नव्हतं. नंतर इथिओपियानं निळ्या नाईलवर स्वतःचं प्रचंड धरण उभं केलं, २०२५ च्या सप्टेंबरात त्याचं उद्घाटन झालं. ते बांधायला घेतलं तेव्हापासून खालच्या इजिप्तला झोप नाही. नाव एकाचं, पाणी दुसऱ्याचं. धुऱ्यावरून भांडणारे आपले दोघे भाऊ आठव, तू ओळखशील कोण ते.

आणि हे एकट्या नाईलचं नाही, हेच तुला सांगायचं होतं. अमेरिकेतही एक कैरो आहे, इलिनॉय राज्यात. त्या टोकाच्या मुलखाला लोक 'लहान इजिप्त'च म्हणतात. तिथं ओहायो नदी मिसिसिपीला मिळते. पाणी जास्त कोणाचं? ओहायोचं. त्याच्या वर मिसूरी येऊन मिळते, ती लांबीला मिसिसिपीपेक्षा थोडी जास्तच. एकीनं पाणी आणलं, एकीनं लांबी आणली, आणि पुढे समुद्रापर्यंत नाव मिसिसिपीचं. लग्न झालेल्या पोरींसारखं झालं हे.

मिसिसिपीवरून आठवलं, हे तर आपल्या घरचं आहे. १८६१ ते १८६५ तिकडे यादवी युद्ध झालं आणि मिसिसिपीच्या मुलखातला कापूस अडकला. लँकेशायरच्या गिरण्या बसायची वेळ आली. मग साहेबानं कुठे हात पसरला? नाईलच्या काठी आणि आपल्या वऱ्हाडात. हिंगणघाटच्या कापसाला तेव्हा मुंबईत मान होता. त्याच धांदलीत आगगाडी रेटली, १८६७ ला ती नागपूरला पोचली. युद्ध संपलं तसे भाव पडले. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी मिसिसिपी, नाईल आणि वर्धा या तिघी एकाच तराजूत बसल्या होत्या. तेव्हा कोणी नाली म्हटलं नाही आपल्या बाईला.

कपाशीचं निघालंच आहे तर अमू दर्याचं सांगतो. पामीरच्या बर्फातून निघून ही नदी अरल समुद्रात जायची. समुद्र म्हणायचं नुसतं, होतं ते सरोवरच, जगात चौथ्या नंबरचं. १९६० नंतर सोव्हिएत सरकारनं वाळवंटात कापूस पिकवायचा म्हणून अमू दर्या आणि तिची जोडीदारीण सीर दर्या दोघींना कालव्यांत वळवलं. कालवे कच्चे, अर्धंमुर्धं पाणी रेतीनंच प्यालं. कापूस मात्र मायंदळ झाला. आणि अरल मागे सरकत सरकत २०१४ मध्ये त्याचा पूर्वेकडचा सगळा भाग कोरडा पडला. उझबेकिस्तानात मुयनाक नावाचं कोळ्यांचं बंदर होतं. तिथं आता गंजलेल्या बोटी रेतीत उभ्या आहेत आणि पाणी कितीतरी कोस दूर. उत्तरेकडच्या तुकड्यापुढे कझाकिस्ताननं २००५ साली बांध घातला, तेवढ्यात मासे परतले. आपल्या कोरडवाहू कपाशीला कोणी विचारत नाही, पण तिनं कोणाची नदी प्याली नाही, एवढं तरी तिच्या सातबाऱ्यावर लिहा म्हणावं.

अ‍ॅमेझॉनवर मी थोडक्यात सुटतो, कारण तिथं आकडेच ऐकून दम लागतो. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं पाणी ओततात, त्याचा साधारण पाचवा हिस्सा ही एकटी ओतते. मला आवडतं ते मनाऊस शहरापाशी घडतं ते. काळ्या चहासारखी रिओ नेग्रो आणि दुधाळ मातकट सोलिमोंइस, दोघी शेजारून सहाएक किलोमीटर वाहतात आणि मिसळतच नाहीत. एकीचं पाणी ऊन आणि संथ, दुसरीचं गार आणि ओढाळ. पुढे मिसळतात, निरुपायानं.

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो तो माणूस वेगळाच. त्याचं नाव किंथुप. सिक्कीमचा, दार्जिलिंगला शिवणकाम करायचा, लिहिता-वाचता येत नव्हतं. तेव्हा साहेबांना कोडं होतं, की तिबेटात पूर्वेकडे वाहणारी त्सांगपो हिमालयाच्या आड जाते, ती पुढे आसामात ब्रह्मपुत्र होऊन उतरते की दुसरीकडेच जाते? ठरलं असं, की वर खुणा केलेले ओंडके सोडायचे आणि खाली आसामात माणसं पहारा ठेवतील. १८८० साली एका लामासोबत किंथुपला पाठवलं. लामानं वाटेत पैसे उडवले आणि याला गुलाम म्हणून विकून पसार झाला. किंथुप पळाला, पाठलाग झाला, एका मठाच्या आश्रयाला गेला, तिथंही चाकरी केली. पण काम सोडलं नाही. सुटी मागून रानात गेला, ५०० ओंडके तयार केले, लपवून ठेवले. मग ल्हासापर्यंत पायी जाऊन एका ओळखीच्याकडून पत्र लिहवून घेतलं, की अमुक तारखेपासून रोज ५० असे दहा दिवस ओंडके सोडतो, लक्ष ठेवा. परत आला. ठरल्या दिवसांत रोज ५० ओंडके पाण्यात टाकले.

पत्र पोचलंच नाही, दिग्या. ज्या साहेबानं पाठवलं होतं तो केव्हाच आजारी पडून देश सोडून गेला होता. पहाऱ्यावर कोणी नव्हतं. ५०० ओंडके कोणाच्याही नजरेला न पडता वाहून गेले. चार वर्षांनी किंथुप घरी आला, सगळं तोंडी सांगितलं, तर अर्ध्यांना पटलंच नाही. १९१३ मध्ये दोन इंग्रज अधिकारी त्या दरीत जाऊन आले तेव्हा कळलं, की न शिकलेल्या त्या शिंप्यानं आठवणीतून सांगितलेलं बहुतेक खरं होतं. मग त्याला शोधून काढलं, मान दिला. तोवर म्हातारा झाला होता, थोड्याच दिवसांत गेला. तीच नदी अरुणाचलात सियांग, आसामात ब्रह्मपुत्र, बांगलादेशात जमुना. नावांची कमी नाही तिला.

हे शाळेत मी एकदाही शिकवलं नाही. पुस्तकात नव्हतं. आता हळहळ वाटते.

बरं, आता आपल्या नालीकडे ये. मुलताईच्या पठारावर तापी आणि वर्धा शेजारशेजारच्या रानात जन्मतात. एक पश्चिमेला सुरतेकडे गेली, दुसरी आपल्याकडे उतरली. कौंडण्यपूरच्या खालून, आपल्या धुऱ्यांना घासून, वेणा आणि पैनगंगेला पोटात घेऊन गडचिरोलीत चपराळ्यापाशी ती वैनगंगेला भेटते. आणि तिथं दोघींचीही नावं जातात. पुढे तिला प्राणहिता म्हणतात. प्राणहिता लांबीला जेमतेम ११३ किमी, पण गोदावरीच्या सगळ्या पाणलोटाचा तिसरा हिस्सा तिच्याकडे आहे, गोदावरीची सगळ्यात मोठी उपनदी तीच. सिरोंच्यासमोर गोदावरीला मिळाली की तेही नाव संपलं. राजमहेंद्रीच्या पुलावरून लोक गोदामाईला पैसा टाकून हात जोडतात, त्यातला चार-आठ आणे तरी आपल्या वर्धेच्या हिश्श्याचा आहे. हिशोब कोण मागतो म्हणा.

दिवाळीला येणार आहेसच, तर दोन दिवस जास्तीचे काढ. चपराळ्याला जाऊ. गाडी तुझी, रोडगे नि वांग्याची भाजी वहिनीची. गोवऱ्या इथूनच नेऊ, तिकडे संगमावर रोडगे लावू. ती दोन पाणी कशी मिसळतात ते मला एकदा डोळ्यांनी पाहायचं आहे, आणि तुझ्यासारखा नाईल पाहिलेला साक्षीदार सोबत असला तर बरं.

इकडे कपाशी पात्या-फुलांवर आहे. पाऊस बरा झाला, दोन दिवस उघडीप मिळाली म्हणून डवरणी उरकली. नदी दोन्ही थड्या भरून आहे, गढूळ.

आज नातू त्याचा लाकडी नंदी घेऊन गावभर बोजारा मागत फिरला. संध्याकाळी नंदीचं एक चाक निखळलं. रडला. मग आम्ही दोघं नदीवर गेलो, त्या चाकावर त्यानं खडूनं स्वतःचं नाव लिहिलं आणि पाण्यात टाकलं. "आबा, हे कुठं जाईन?" मी सांगितलं, प्राणहितेतून गोदावरीत, राजमहेंद्रीवरून समुद्रात. मधे किती धरणं आहेत ते सांगितलं नाही. "मंग तिथं पाहाले कोन हाय?" म्हणाला. मी तुझं नाव सांगून मोकळा झालो.

तेव्हा पत्र पोचल्याचं कळव. फोन करू नकोस, पत्रच टाक.

तुझा,
भास्कर