काकूंची गादी

नाशिक, रविवार रात्र

प्रिय चिमणे,

परवा तू फोनवर रडत होतीस आणि मी वॉर्डात ड्रेसिंग करत होते, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. आज सुट्टी आहे. कुकर लावला आणि लिहायला बसले.

"आता काही करता येणार नाही, घरी न्या." काकूंच्या कॅन्सरबद्दल डॉक्टर तुम्हाला म्हणाले ते हे वाक्य नर्स म्हणून मी १८ वर्षं ऐकतेय आणि अजूनही डोकं फिरतं. गाठीवर आता उपाय नाही, एवढाच त्याचा अर्थ. काकूंसाठी करायचं पुष्कळ बाकी आहे.

आधी दुखण्याचं. मॉर्फिनच्या गोळीला काका घाबरतील. 'ही सुरू झाली म्हणजे संपलं' असं सगळ्यांनाच वाटतं. तसं नसतं गं. गोळी साधी असेल तर घड्याळ लावून दर ४ तासांनी द्यायची, कळ येईपर्यंत वाट बघायची नाही. डोस डॉक्टर ठरवतील. सुरुवातीचे दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळतं, मग ते ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घे. मॉर्फिन अफूपासूनचं, म्हणून १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचा धाक इतका होता की डॉक्टर लिहून द्यायला कचरायचे. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ही गोळी सहसा मिळत नाही. पुढच्या खेपेपर्यंत पुरेल ना, हे दवाखान्यातून निघतानाच मोजून बघ.

पण खरं सांगू? मला दुखण्यापेक्षा वासाची धास्ती जास्त. दुखतं हे बाई सांगते. वास येतो हे सांगत नाही.

पेठ तालुक्याच्या बाजूच्या एक मावशी होत्या. काकूंसारखाच गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, रेडिएशन होऊनही परत आलेला. लघवीच्या पिशवीला आतून भोक पडलेलं, सतत पाझर. आम्ही गेलो तेव्हा त्या गुरांच्या पडवीत झोपत होत्या. कोणी हाकललं नव्हतं, आपणहून गेल्या होत्या. संक्रांतीला कोणाकडे वाण घ्यायलाही गेल्या नाहीत. "काय होतंय?" विचारलं की एकच उत्तर, "कंबर दुखती." शेवटी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटलं आणि सरळ विचारलं, "मावशी, वासाचा त्रास होतो का?" पदर तोंडाला लावून त्या इतक्या रडल्या!

हा वास अस्वच्छतेचा नसतो. मेलेल्या मांसात, जिथे हवा पोचत नाही, तिथे वाढणाऱ्या जंतूंचा असतो. त्यावर मेट्रोनिडाझोल आहे, जुलाबाला देतात तीच साधी, स्वस्त गोळी. उघड्या जखमेवर तिची पूड भुरभुरतात. आतल्या जखमेला कशी वापरायची ते डॉक्टरांना विचारून आम्ही ठरवतो. आठवड्याच्या आत मावशींचा वास पुष्कळ उतरला. पाझर थांबणार नव्हता, तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. मऊ सुती घड्या वरचेवर बदलायच्या, कोमट पाण्याने धुऊन टिपून घ्यायचं (घासायचं नाही) आणि मांड्यांना झिंकचं मलम. पुढच्या भेटीला गेले तर मावशी आतल्या घरात, आणि सून मागे बसून त्यांची वेणी घालत होती.

सिसिली सॉन्डर्स, ज्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारं रुग्णालय, उभं केलं, त्या आधी नर्सच होत्या, डॉक्टर नंतर झाल्या. हे मी संधी मिळेल तिथे सांगते, डॉक्टरांसमोर तर मुद्दाम.

आणखी एक, लिहिताना हात अडखळतोय. कधी एकदम खूप रक्त जाऊ शकतं. मरून, गडद निळे असे टॉवेल हाताशी ठेव. पांढऱ्यावर थोडं रक्तही भयंकर दिसतं आणि घरातले घाबरून बाहेर पळतात. एकाने हात धरून बसायचं, दुसऱ्याने फोन करायचा. कोण बसणार ते आत्ताच ठरवा. काका नकोत, तू बस.

गुरुवारी दुपारी मी सिन्नरला येते. सगळे कागद आणि चालू गोळ्या एका पिशवीत काढून ठेव. काकूंशी मला अर्धा तास एकटीला बोलू दे, चहा नंतर. आणि मागच्या खोलीत त्यांची गादी घातलीस म्हणालीस ना? ती उद्याच मधल्या घरात आण.

तुझीच,
उंटीण