नव्या रचनेच्या दोन दरवाजांच्या कूपेबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: जुन्या मॉडेलची टेस्ट ड्राइव्ह देऊन नव्या रचनेची गाडी विकल्याबाबत.

महोदय,

आपली नव्या रचनेची, मध्यम आकाराची दोन दरवाजांची कूपे (मागे छत उतरते असलेली गाडी) मी गेल्या फेब्रुवारीत नागपुरातील अधिकृत विक्रेत्याकडून घेतली. बुकिंगच्या वेळी ती शोरूममध्ये आलेली नव्हती, म्हणून मला आधीच्या मॉडेलची टेस्ट ड्राइव्ह वर्धा रोडवर देण्यात आली आणि ‘बदल फक्त दिसण्यात आहे, गाडी तीच आहे’ असे सांगण्यात आले. चार महिने वापरल्यावर मी खात्रीने लिहितो की गाडी ती नाही.

जे चांगले आहे ते नाकारत नाही. इंजिन दमदार आहे, स्टिअरिंग नेमके आहे आणि समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेतही गाडी जराही डगमगत नाही. प्रश्न आहे तो महामार्ग सोडून घराकडे वळल्यानंतरचा.

नव्या रचनेत गाडी लांब झाली, पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर वाढले आणि तिचे पोट जमिनीच्या आणखी जवळ आले. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा. धरमपेठेतील आमच्या गल्लीत मात्र तो बांधणाऱ्याने हाती टेप घेतला असावा असे दिसत नाही. अशा अरुंद, उभ्या गतिरोधकावरून पुढची चाके उतरलेली असतात, मागची अजून चढायची असतात आणि नेमक्या त्या क्षणी गाडीचा मधला भाग त्याच्या माथ्यावर घासतो. मी एकटा असलो तर ती कशीबशी निघते. मागे दोन माणसे बसली की घासतेच. सर्व्हिस सेंटरचा सल्ला ‘गाडी तिरपी घ्या’ असा होता. दोन्ही बाजूंनी दुचाक्या येत असताना गल्लीत गाडी तिरपी कशी घ्यायची, हे त्यांनी एकदा येऊन दाखवावे. हा दोष टेस्ट ड्राइव्हमध्ये कळणे शक्यच नव्हते, कारण जुन्या मॉडेलचे पोट कुठेही टेकले नव्हते.

माहितीपत्रकात ‘चार प्रौढांसाठी ऐसपैस’ असे छापले आहे. मागची काच इतकी उतरती झाली आहे की माझ्या मुलाचे डोके छताला लागते, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, त्या काचेतून येणारे ऊन सरळ मानेवर पडते. मागे एसीची झडप नाही. काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केली आहे. शिवाय दरवाजा लांब असल्याने आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये तो खांबाला अडून अर्धाच उघडतो, आणि पुढची सीट सरकवून त्या फटीतून ७२ वर्षांच्या आईने मागे जाणे हा निव्वळ छळ आहे. ती आता रिक्षाने जाते.

स्टेपनीविषयीही लिहिणे भाग आहे. जुन्या मॉडेलच्या डिक्कीत ती होती. नव्यात तिच्या जागी पंक्चर बुजवणाऱ्या द्रावणाची बाटली आणि हवेचा छोटा पंप आहे. नियमांना हे चालते याची मला कल्पना आहे. परंतु शिर्डीला जाताना कारंजाच्या अलीकडे टायर बाजूने फाटला, आणि असे द्रावण टायरच्या तळातले लहान छिद्र बुजवते, बाजूची फाट नाही, हे मला भर दुपारी रस्त्याच्या कडेला उभे राहून कळले. गाडी उचलून न्यावी लागली. स्टेपनी काढल्याचे विक्रीच्या वेळी कोणी सांगितले असते, तर मी ती वेगळी घेतली असती.

माझ्या मागण्या अशा: मला योग्य मापाची स्टेपनी विनामूल्य द्यावी, गाडीच्या तळाला झालेल्या नुकसानीची दुरुस्ती आपल्या खर्चाने करावी, आणि माहितीपत्रकातील ‘चार प्रौढांसाठी’ हा मजकूर बदलून, जमिनीपासूनची उंची व स्टेपनी नसल्याची नोंद ठळकपणे छापावी. ही गाडी पाहायला येणाऱ्या पुढच्या ग्राहकाला नवीच गाडी चालवायला द्यावी, तीही मागे दोघांना बसवून.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. उत्तर लेखी असावे. ‘सर, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे’ हे मी फोनवर पाच वेळा ऐकले आहे.

आपला,
एक ग्राहक
धरमपेठ, नागपूर

सोबत: बुकिंगची पावती, माहितीपत्रकाची प्रत, गाडीच्या तळाची छायाचित्रे.