भूल देण्याआधी खरे सांगा

संपादक महोदय,

शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत मी प्रत्येकाला विचारते, ‘कुठली नशा करता का?’ शेजारी आई-वडील उभे असले की उत्तर ठरलेले: ‘नाही.’ मध्यंतरी अपेंडिक्ससाठी आलेल्या एका तरुणाला नेहमीच्या मात्रेत भूल चढेना. नळी घालताना श्वासनलिका आवळली गेली. तो रोज गांजा ओढत होता, हे नंतर कळले. तो सावरला, पण ती दहा मिनिटे मी विसरलेले नाही.

एमडी (मेफेड्रोन हा उत्तेजक अमली पदार्थ) किंवा कोकेन घेतलेल्याचे हृदय आधीच बेफाम धावत असते. रक्तदाब वाढवणारी काही औषधे त्याला घातक ठरू शकतात. ब्राउन शुगरची सवय असलेल्याला वेदनाशामकांची नेहमीची मात्रा पुरत नाही, आणि ‘नाटक करतोय’ म्हणून त्याला तळमळत ठेवले जाते. हे मला फार टोचते. काय घेतले आणि शेवटचे कधी, एवढे कळले तरी आम्ही औषधे बदलू शकतो, तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलू शकतो.

रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे हे आमचे कर्तव्यच आहे. नातेवाइकांनी त्या पाच मिनिटांसाठी कृपया खोलीबाहेर थांबावे, आणि रुग्णालयांनी हा प्रश्न एकांतात विचारण्याची सोय करावी.

– एक भूलतज्ज्ञ, नाशिक