सगळं म्हणजे काय काय?

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर घरातल्या सामानाची आणि कागदांची यादी करण्याचा विषय काढला, तर बाबा म्हणाले, "आमच्या माघारी काय ते वाटून घ्या, आत्तापासून याद्या कशाला?" आणि आईने फोन घेऊन आंब्यांची चौकशी सुरू केली. म्हणून पत्र. पत्रात मला कोणी मध्येच तोडत नाही.

बाबा, वाटणी माझ्या मनातही नाही. मनात आहे तो २०१९ चा ऑगस्ट. दारामागच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती, तुम्हीच ओढलेली. सामान रेघेच्या वर गेलं की झालं, असा आपला हिशोब. पलंगावर टेबल, टेबलावर ट्रंक, रेघेच्या चांगली हातभर वर. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या खेपेला पाणी ५७ च्या वर गेलं. रेघ कुठल्या कुठे बुडाली.

पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली, तो वास अजून नाकात आहे. खरेदीखत, विम्याची पॉलिसी, एफडीच्या पावत्या, सगळ्यांचा मिळून एकच लगदा आणि त्यातून निघणारे शाईचे निळे ओघळ. पंचनाम्याला आलेल्या माणसाने विचारलं, "काय काय गेलं?" तुम्ही म्हणालात, "सगळं." त्याच्या कागदावर 'सगळं' लिहायला रकाना नव्हता. तो पेन धरून थांबला. तुम्ही फ्रिज, गाद्या, गॅसची शेगडी एवढं सांगितलंत आणि गप्प झालात. शिलाई मशीन आठवलं आठ दिवसांनी. सोऱ्या गेल्याचं कळलं दिवाळीत, आईने सवयीने फडताळात हात घातला तेव्हा.

पेढीवर तुम्ही असे नव्हता हो! दर ३१ मार्चला गोदामात उभं राहून पोती मोजायचात. २००५ ला हरिपूरच्या पेवांत, हळद साठवायच्या त्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, पाणी शिरलं, हळद कुजली. पण कुठल्या पेवात कोणाची किती पोती, हे तुम्ही शेठजींना घरबसल्या सांगत होता. कारण ती वही आदल्या दिवशी सायकलच्या कॅरियरला बांधून तुम्ही घरी आणली होती. शेठजींच्या हळदीची वही होती, आईच्या सोऱ्याची नव्हती. माझी तक्रार एवढीच आहे.

आणखी एक आठवून पाहा. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकांकडून मिळाली, कारण दस्त क्रमांक आणि साल तुम्हाला तोंडपाठ होतं. पॉलिसीचा नंबर नव्हता, तिथे किती खेटे घातले ते तुमच्या गुडघ्यांना विचारा. कागद भिजला तरी मार्ग निघतो, नंबर मात्र कुठेतरी कोरडा हवा.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि चिनू येतोय. चिनू मोबाइलवर चित्रीकरण करेल, तुम्ही एकेका खोलीतून फिरत बोलायचं: हे कपाट कधी घेतलं, कितीला घेतलं. कपाटं उघडून दाखवायची, बंद दारांचा फोटो कुणाच्या कामाचा? फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर जवळून घेऊ. दुकानाच्या बिलांचेही फोटो काढू. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं वर्ष-दोन वर्षांत आपोआप उडतात, त्याला पूरही लागत नाही.

आई, तुला दागिन्यांचे फोटो नको आहेत, माहीत आहे. पण लॉकरच्या भरवशावर राहू नकोस. लॉकरमध्ये काय ठेवलंय हे बँकेला माहीत नसतं. आग, चोरी, इमारत पडणं किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक असेल, तर बँकेवर वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत जबाबदारी येते. पुरासारख्या नैसर्गिक संकटात, बँकेची हयगय नसेल तर, तीही नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०२२ पासून आहे. आणि आपली बँक तळमजल्यावर, म्हणजे नदीच्या लेखी आपण नि बँक शेजारीच. तेव्हा ठुशी आणि मोहनमाळ यांचे वजनासकट फोटो काढू, सराफाच्या पावत्याही. दृष्ट लागली तर मीठ-मोहऱ्या आहेतच.

घराचा विमाही या खेपेला करूया. 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी २०२१ पासून आहे, तिच्यात पूर धरलेला आहे. घराचा विमा उतरवला की सामानाला आपोआप त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. दागिने मात्र वेगळे नोंदवावे लागतात. तिथेही पहिला प्रश्न तोच असणार: काय काय गेलं?

हे सगळं ठेवायचं कुठे? एक प्रत माझ्याकडे, एक दादाकडे नागपूरला, एक इंटरनेटवरच्या खात्यात. आधार आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये घालून देते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं काहीही टाकायचं नाही, काकांचं नेट सुरू झालं की ते आधी फॉरवर्ड करतात, मग वाचतात. पासवर्ड आणि लॉकरची किल्ली चित्रीकरणात दिसता कामा नये.

शिवाय एक वही हवीच. दोनशे पानी, आडव्या रेघांची, मी घेऊन येते. अक्षर तुमचं, बाबा. माझं तुम्हाला वाचता येत नाही. जूनपासून ती सायकलच्या कॅरियरला नाही, वरच्या मजल्यावर कुलकर्णी काकूंकडे.

आई, पहिल्या पानावर सोऱ्या लिहायचा आहे. पितळी, सहा चकत्या, आजीचा. गेलेला असला तरी.

तुमची,
मनू