ब्रेकमध्ये हवा नव्हती

ठाणे, 27 जुलै 2025

प्रिय योग्या,

काल रात्री तुझ्या खात्यात 6,400 रुपये आले असतील. बँकेला फोन लावू नकोस, चुकून गेलेले नाहीत. लगेच परतही पाठवू नकोस, आधी हे वाच. लांब आहे, चहा टाकून बस.

फोनच करणार होतो. तीनदा नंबर काढला. पण फोनवर तू 'हं, बोल' म्हणतोस, मागे तुझ्या बडोद्याचे हॉर्न वाजत असतात, मग आपण मॅचबद्दल बोलतो आणि ठेवून देतो. दिवाळीनंतर तेवढंही झालं नाही. म्हणून लिहितोय. अक्षर लेले सरांना दाखवू नकोस.

घरी ठीक. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर काठावर. शिल्पाने साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय, जणू माझा हात तिथे पोचत नाही. असो.

तर गाडी. हो, तीच, आपली यामाहा आर 15. गेल्या ऑक्टोबरात तिची 15 वर्षं भरली. पुढच्या 5 वर्षांसाठी आरसी रिन्यू करायची तर गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, वर पर्यावरण कर. मी आपला आज करू, उद्या करू करत बसलो. गाडी जिन्याखाली, सीटवर मांजर. शेवटी ताईचा ओम्या म्हणाला, "मामा, भंगारात घालण्यापेक्षा मला दे." 19 वर्षांचा आहे. उंची जाड्याएवढी, अक्कल आपल्याएवढी, म्हणजे आपली तेव्हा होती तेवढी.

ओम्याचा पहिला प्रश्न: "यात एबीएस नाही?" एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरची नवी गाडी एबीएसशिवाय मिळतच नाही, त्यामुळे या पोरांना वाटतं, ब्रेक कसाही दाबला तरी चाक लॉक न होणं हा निसर्गनियमच आहे. त्याला म्हटलं, हिच्यात एबीएस म्हणजे तुझी दोन बोटं. तो हसला. मला रात्री झोप लागली नाही. ताईच्या पोराच्या हातात ती गाडी, पाऊस, घोडबंदर रोड. म्हणून ठरवलं, द्यायचीच तर ब्रेक आणि पुढचा भाग पूर्ण नवा करून द्यायचा.

कळव्याच्या गॅरेजला नेली. मोरे काकांच्या जागी आता छोटू बसतो. त्याला अजून छोटूच म्हणतात. चाळिशी आलीय, पोट माझ्यापेक्षा मोठं आहे आणि वडिलांसारखाच आधी दोन मिनिटं गाडीकडे नुसता बघत उभा राहतो. मग म्हणाला, "दादा, ही गाडी उभी राहून म्हातारी झालीय, चालून नाही."

पुढच्या डिस्कची जाडी मोजली. डिस्कवरच कमीत कमी किती हवी ते कोरलेलं असतं, त्यात बसली, म्हणजे ती वाचली. ब्रेक ऑईलची होज मात्र मूळचीच, रबरी. त्याने मला लिव्हर दाबायला लावलं आणि होजवर बोट ठेवायला सांगितलं. योग्या, ती बोटाखाली फुगते रे! आपण लिव्हर दाबतो तो जोर पॅडपर्यंत पोचायच्या आधी रबर फुगवण्यात जातो. आता बाहेरून स्टीलची जाळी आणि आत टेफ्लॉनची नळी असलेली होज घातलीय. होज आवळणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे. जुने परत वापरायचे नाहीत, हे तू ओरडून सांगायचास आणि मी खिशात घालून परत वापरायचो. पॅड सिंटर्ड, म्हणजे धातूची पूड दाबून केलेले. ते ओल्यात जास्त चांगले पकडतात, डिस्कला थोडं जास्त घासतात, ते चालेल. ब्रेक ऑईल डॉट 4. जुनं बाहेर आलं ते कोऱ्या चहासारखं होतं. हे ऑईल हवेतलं पाणी ओढतं, ते तुला काय सांगायचं. कोरडं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायल्यावर तो आकडा 155 वर येऊ शकतो. आपल्या हवेत 11 वर्षं तेच ऑईल.

टायरवरचा कोड बघितला. चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. 0910. मार्च 2010! रबराला नख लागेना. पुढे 80/90, मागे 100/80, जुन्याच मापाचे नवे घातले. 2011 साली व्हर्जन 2 मागे 130 चं टायर घेऊन आली आणि मी हट्ट धरला की आपल्यालाही तेच हवं, आठवतंय? तळ्यावर, कॉफी सांडेपर्यंत भांडलो. तू म्हणत होतास, अरुंद रिमवर रुंद टायर चढवलं की ते चिमटतं, मधे टोक येतं, गाडी वळायला जड होते. तेव्हा मी तुला 'म्हातारा' म्हटलं होतं. छोटूने परवा शब्दन्‌शब्द तेच सांगितलं. हा मुद्दा तुला दिला.

आता खरी गोष्ट. एवढा वेळ मी टायरवर का बोलतोय, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

गाडी गचका मारायची म्हणून छोटूने हँडलचा कोन सेट बदलायला काढला, आणि मग म्हणाला, पुढचे शॉकअप उतरवलेतच तर त्यांचं ऑईलही बदलू. शॉकअपचे दोन्ही पाय दोन पाण्याच्या बाटल्यांत रिकामे केले. बाटल्या बाकड्यावर शेजारीशेजारी ठेवल्या. एकीत अर्ध्याच्या बऱ्याच वर, दुसरीत अर्ध्यालाही नाही. ऑईल सील दोन्हीकडचे कोरडे, गळती नाही. छोटूने बाटल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे कोणी भरलं होतं, दादा?"

मी म्हटलं, माहीत नाही.

14 वर्षांत दुसऱ्यांदा मी थेट विचारल्यावर खोटं बोललो, योग्या. पहिल्यांदा तुला बोललो होतो.

मी भरलं होतं. 2011, जुलै, आपण गायमुखला गेलो त्याच्या आदल्या रात्री. संध्याकाळी तू माझ्या गाडीचे पुढचे ब्रेक ब्लीड करून, आतली हवा काढून दिलेस, तुझ्या त्या पारदर्शक नळीने, बुडबुडा बंद होईपर्यंत, आणि जेवायला गेलास. मला वाटलं, याने ब्रेक केले, मी हँडलिंग करतो. कुठेतरी वाचलं होतं की घट्ट ऑईल घातलं की ब्रेक दाबल्यावर पुढून डाइव्ह कमी होते आणि शॉकअपच्या नळ्या हँडलखालच्या पकडीतून, टीमधून, वर सरकवल्या की गाडी पटकन वळते. पंपाच्या खोलीत, टॉर्च तोंडात धरून पाय काढले. डावा नीट मोजून भरला, आईच्या खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने. मग वॉचमन आला, मग पाऊस आला, मग कंटाळा आला. उजवा अंदाजे. स्प्रिंग बाहेर काढून, नळी पूर्ण दाबून वरची रिकामी जागा मोजायची असते, हे मला परवा कळलं. नळ्या 15 मिलिमीटर वर काढल्या. 5 पुरले असते. पण मी रेसर ना.

दुसऱ्या दिवशी गाडी खरंच चाकूसारखी वळत होती. मानपाड्यापर्यंत मी स्वतःवर खूश होतो. तुला सांगणार होतो, घाट संपल्यावर, चहा पिताना, 'काही फरक जाणवला का' असं विचारून. पुढचं तुला माहीत आहे. उजवीकडे खाडी, ते वळण, ओला रस्ता, समोर थांबलेला टेम्पो. मी लिव्हर पिळली नाही, मारली. ('लिंबू पिळतोस तसं, निल्या, माशी मारतोस तसं नाही.' किती वेळा?) पुढचा भाग एकदम खाली बसला, खट्‌ असा आवाज आला, आणि चाक लॉक. मग कॉलरबोन.

छोटू म्हणतो, दोन्ही पाय एकाच ॲक्सलला बांधलेले असतात, त्यामुळे एकात ऑईल कमी म्हणजे सगळा पुढचाच भाग लवकर तळाला जातो. तळाला गेला की टायरला रस्त्याबरोबर वरखाली व्हायला जागाच उरत नाही, ओल्यात सुटतो. पण तो असंही म्हणाला की तेवढ्यामुळेच पडलात असं नाही, त्या पावसात तसा हात मारला तर कोणीही पडेल. मला बरं वाटावं म्हणून बोलला असेल. बरं वाटलं नाही.

दवाखान्यात तू विचारलंस, "काल मी गेल्यावर तू काही उघडलं होतंस का?" मी म्हटलं, "नाही." आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण सगळे विचारत होते, आणि तुझी नळी, तुझा पाना, आदल्या संध्याकाळचं ब्लीडिंग, सगळं आयतंच होतं. मी म्हणालो, लिव्हर हँडलला लागली, ब्रेकमध्ये हवा राहिली होती. राजाच्या हळदीत तर मी हात गळ्यात बांधून तो किस्सा करून सांगितला. सगळे हसले. तूही.

त्यानंतर तू कुणाच्याही गाडीला पाना लावला नाहीस. त्याआधी रविवारी तुमच्या बिल्डिंगखाली चार-चार गाड्या उभ्या असायच्या. जाड्याने क्लच केबल आणून दिली तेव्हा तू 'दुकानात ने' म्हणालास. मला तेव्हाच कळलं होतं. मी गप्प बसलो, आणि पुढच्या वर्षी तू बडोद्याला गेलास तेव्हा मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

आता ऐक. गेल्या मंगळवारी छोटूने शॉकअपच्या नळ्या उजेडात फिरवल्या. टी जिथे आवळते तिथे नळीवर वळ उठतो. दोन वळ होते. एक आत्ताच्या जागेवर, दुसरा त्याच्या खाली, 15 मिलिमीटरवर. म्हणजे कोणीतरी नळ्या परत लेव्हलला आणल्या. मी 14 वर्षं धरून चाललो होतो की मोरे काकांनी फेअरिंग बदलताना केलं असेल. छोटू म्हणाला, "नाही दादा. तेव्हा मीच होतो दुकानात. गाडी आली तेव्हा नळ्या बरोबरच होत्या. आम्ही फक्त फेअरिंग, हेडलाइट आणि लिव्हर बदलली." गायमुखहून गाडी तुमच्या बिल्डिंगखाली गेली होती. दोन दिवस तिथे होती. मी दवाखान्यात होतो.

आणि दुसरं. ब्रेकमध्ये हवा असती तर लिव्हर मऊ लागली असती, गाडी थांबली नसती, मी टेम्पोत घुसलो असतो. चाक लॉक झालं नसतं. हवेने चाक लॉक होत नाही. मागून तूच येत होतास, रस्त्यावरचा काळा पट्टा तूच बघितलास. मला हे समजायला 14 वर्षं आणि छोटू लागला. तुला तर तिथेच, गाडी उचलतानाच कळलं असणार.

मग नळ्या कोणी खाली घेतल्या, योग्या? आणि फेअरिंग-हेडलाइटचे 6,400 तू कशाला दिलेस? माझा गुन्हा झाकून, माझ्या खोट्याची भरपाईही तूच केलीस, आणि हळदीत हसलास? तुझी चूक आहे असं तुलाही वाटत होतं आणि नळ्या आणखी कोणी सरकवल्या, असं असेल तर तेही सांग. पण ते जास्त वाईट होईल, कारण मग 14 वर्षं तू ते खरं मानून चाललास. दोन्हीपैकी कुठलं बरं, हे मला ठरवता येत नाहीये. रोज रात्री एकदा हे, एकदा ते.

शिल्पाला सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच? फोन कर त्याला." तिच्यासाठी ती गाडी म्हणजे जिन्याखालची अडगळ. म्हणून तुला.

आज पहाटे गाडी काढली. कोलशेत रोडला आधी पॅड बसवून घेतले, 40-50 वरून हळूहळू दाबत, पूर्ण न थांबता, दहा-बारा वेळा. मग घोडबंदर रोड. तू ओळखणार नाहीस, डोक्यावर सगळी मेट्रो. लिव्हर आता लाकडासारखी घट्ट, एका बोटात गाडी थांबते. पुढून खाली बसते पण शहाण्यासारखी, मग तिथेच थांबते. त्या वळणाच्या आधी मी 30 वर आलो. मागून एका रिक्षावाल्याने आईबहिणीवरून विचारपूस केली. वळलो, बाजूला लावली, पाच मिनिटं खाडीकडे बघितलं आणि परत आलो. मामलेदारला मिसळ खाल्ली, मध्यम. हो, मध्यम. वय झालं.

ओम्याला गाडी देतोय, पण दर रविवारी मी मागे बसून त्याला लिंबू पिळायला शिकवणार. त्याला तुझं नाव सांगितलंय.

मुक्ताची दहावी कशी गेली? निकाल लागून दोन महिने झाले आणि मी आत्ता विचारतोय, लाज वाटते. नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? अनघाची बदली? सगळं लिही. गणपती 27 ऑगस्टला आहेत, येणार असलास तर आमच्याकडे उतर, राजाकडे घोरतात.

पैसे परत पाठवलेस तर मी पुन्हा पाठवीन. आणि नळ्यांचं उत्तर दे. एका शब्दात दिलंस तरी चालेल.

तुझा,
निल्या

ता. क. – जिन्याखाली डब्यात तुझी ती पारदर्शक नळी सापडली, पिवळी पडलीय. बरोबर 8 चा पाना आहे, तो तुझा. 10 चा माझाच आहे, कितीही भांड.