फ्रेंच पुन्हा, पण कॅनडासाठी नाही

पुणे

ती. बाबा आणि ती. आई यांना सा. न. वि. वि.

मी कॅनडाला जात नाहीये. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे आई उरलेलं पत्र शांतपणे वाचेल. परवा फोनवर "फ्रेंच पुन्हा सुरू करतेय" एवढंच म्हणाले आणि आईचा आवाज बदलला. मधल्या आळीतल्या काकूंचा मुलगा फ्रेंच शिकला आणि पाठोपाठ मॉन्ट्रियलला गेला, तेव्हापासून आपल्याकडे फ्रेंच म्हणजे बॅगा भरायची तयारी असं ठरूनच गेलंय. आई, कॅनडात कायमचं राहायला जायचं तर तिथल्या केंद्र सरकारला टीईएफ किंवा टीसीएफ या परीक्षांचा निकाल लागतो आणि तो दोन वर्षांनी शिळा होतो. मी देणार आहे ती डेल्फ. तिचं प्रमाणपत्र जन्मभर चालतं, पण त्या कामाला कॅनडाचं केंद्र सरकार ते विचारात घेत नाही. पळून जायचं असतं तर मी वेगळी परीक्षा निवडली असती.

फोनवर सगळं सांगता आलं नसतं. बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू त्यांना ओरडून सांगतेस, त्यात मूळ मुद्दा राहूनच जातो. म्हणून पत्र.

बाबा, मुद्दा तुमच्या कामाचा आहे. निवृत्तीनंतर तुम्ही मोडी शिकलात, आता रोज सकाळी एक कागद लावता. कुठल्याही पुस्तकात फ्रेंच साधनांतला उतारा आला की तुमची एकच कुरकुर असते: "हे इंग्रजीवरून आलंय, मुळात काय आहे देव जाणे." ही कुरकुर मी इतक्या वेळा ऐकलीय की शेवटी मनावर घेतली. पाँडिचेरीची वखार उभी करणाऱ्या फ्रान्स्वा मार्टिनच्या नोंदींत १६७७ सालचा भाग आहे. शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले, विजापूरकरांचा तिथला सुभेदार शेरखान लोदी याचा पाडाव झाला, आणि वखारीला धक्का लागू नये म्हणून मार्टिनने जर्मँ नावाचा आपला माणूस नजराणे देऊन महाराजांच्या छावणीत पाठवला. छावणीत कसला डामडौल नाही, बायका नाहीत, तंबू दोनच, एक महाराजांचा आणि एक मंत्र्यांचा, हे वर्णन तिथलंच. मराठी पुस्तकांत ते नेहमी येतं. वर्षअखेरीला ती पानं मूळ फ्रेंचमधून तुम्हाला वाचून दाखवायची, ओळीओळीला थांबून, एवढं मी ठरवलंय. तुम्ही शंका काढायच्या, मी शब्दकोश उघडायचा.

पुढे जमलं तर सेंट ल्युबिन. १७७७ मध्ये तो फ्रान्सचा वकील म्हणून पुण्याला आला, नाना फडणवीसांनी त्याला मानाने ठेवून घेतलं आणि मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला. मेणवलीचा नानांचा वाडा दाखवताना पाहुण्यांना तुम्ही ही गोष्ट सांगताच. आपल्याकडचे कागद मोडीत, त्यांच्याकडचे फ्रेंचमध्ये. एका घरात दोन्ही वाचणारी माणसं असली तर काय बिघडलं? पण हे पुढचं. पहिल्या वर्षी मार्टिनच.

आता माझं फ्रेंच कुठे आहे ते सांगते. अकरावीला संस्कृत सोडून फ्रेंच घेतलं तेव्हा तुम्ही नाराज होतात, आणि खरं तर आम्ही सगळ्या मार्कांसाठीच घेत होतो. गोडी लागली ती नंतर, कॉलेज सुटल्यावर फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी जायला लागले तेव्हा. पुढे काही वर्षं ऑफिसात फ्रेंच गिऱ्हाइकांची पत्रं हाताळली. मग खातं बदललं, निनाद झाला, आणि भाषा तशीच पडून राहिली. आज वर्तमानपत्रातली बातमी बऱ्यापैकी समजते. ऐकून मात्र चार वाक्यांतलं एक कळतं, आणि बोलायला गेलं की क्रियापदाचं रूप आठवेपर्यंत समोरचा माणूस विषय बदलतो. नामांची लिंगं तर धुऊन गेलीत. मराठीत तीन लिंगं आपण न शिकता वापरतो, फ्रेंचमध्ये दोनच आहेत आणि ती दोन पाठ करावी लागतात.

क्लास का लावत नाही, असं बाबा विचारतील. माझी वाचायची पातळी एक आणि बोलायची दोन यत्ता खाली, अशा माणसाला क्लासमध्ये मधल्या वर्गात बसवतात. तिथे निम्मा वेळ येतंय तेच ऐकायचं आणि निम्मा वेळ काही कळत नाही म्हणून गप्प बसायचं. शिवाय गंजलेलं घासणं आणि नवं शिकणं ही दोन वेगळी कामं आहेत. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पूर्ण विसरलोय असं वाटतं तेही पुन्हा पाठ करायला पहिल्या वेळेपेक्षा कमी वेळ लागतो. त्याने निरर्थक अक्षरं पाठ केली होती, माझी निदान अर्थाची आहेत. तेव्हा मी एकटीच बसणार, सकाळी सहा ते सात, घर जागं व्हायच्या आत.

पहिले तीन महिने फक्त कान. फ्रान्सच्या आरएफआय या रेडिओवर सोप्या फ्रेंचमध्ये रोज दहा मिनिटांच्या बातम्या असतात आणि त्यांचा लेखी मजकूरही मिळतो. आधी नुसतं ऐकायचं, मग मजकूर समोर धरून ऐकायचं, मग मजकूर बंद करून पुन्हा, आणि शेवटी निवेदकाच्या आवाजावर आवाज टाकून बरोबरीने म्हणायचं. आई, तू विष्णुसहस्रनाम असंच शिकलीस, कॅसेट लावून आणि हात कणकेत. अर्थ नंतर कळला, जीभ आधी वळली. तेच मी ऑफिसला जाताना मेट्रोत करणार आहे, अर्थात तोंडातल्या तोंडात. शेजारच्या बाईने उठून दुसरीकडे बसू नये एवढीच इच्छा.

कानावर एवढा भर का, तर पुस्तकातलं फ्रेंच आणि तोंडातलं फ्रेंच यांत बरंच अंतर आहे. "मला माहीत नाही" हे वहीत "झ न से पा" असतं, त्यातला "न" बोलताना गळतो आणि उरलेलं चिकटून "शे पा" होतं. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही चारही शब्द सुटे सुटे ऐकायची वाट बघत बसायचो. आकड्यांचं तर विचारूच नका. फ्रान्समध्ये फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात, आणि सत्त्याण्णव म्हणजे "चार विसा सतरा". हिशोब होईस्तोवर पुढची जोडी येऊन गेलेली असते.

पावसाळ्यात व्याकरण आणि लेखन. आठवड्याला एकच विषय: सर्वनामांचा क्रम, भूतकाळात कुठली क्रियापदं वेगळी चालतात, मग तो सब्जाँक्तिफ, म्हणजे इच्छा-शंका सांगताना लागणारं क्रियापदाचं रूप, ज्याने सगळ्यांना रडवलंय. रोज एक परिच्छेद लिहायचा. एकट्याने शिकण्यातली खरी अडचण इथे आहे, चुका दाखवणार कोण? हल्ली कॉम्प्युटर दाखवतो, पण तो सगळं गुळगुळीत करून हातात ठेवतो. वाचायला छान वाटतं आणि डोक्यात काही शिरत नाही. म्हणून त्याला फक्त चुकीच्या जागा दाखवायला सांगायच्या, दुरुस्ती आपण करायची. आणि पंधरवड्यातून एकदा एका बाईंकडे तासभर ऑनलाइन बसणार आहे. बाबा म्हणतील की मग हे स्वयंअध्ययन कसलं! असू दे. तुम्हीसुद्धा अडलेला कागद घेऊन पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात जाताच की.

मोबाइलवरची खेळासारखी ॲप्स मी घेणार नाही. निनाद म्हणाला रोज पाच मिनिटांत होतं. मांजर सफरचंद खाते, असली वाक्यं जुळवून पाच मिनिटं मजेत जातात हे खरं, पण त्याने मार्टिनपर्यंत पोहोचायला मला दुसरा जन्म लागेल. शब्दांसाठी मात्र कार्डं करणार आहे. माझ्या वाचनात आलेली पूर्ण वाक्यंच, नाम त्याच्या लिंगासकट, आणि आठवलं की तेच कार्ड पुन्हा जास्त दिवसांनी समोर येईल अशी सोय.

डेल्फची बी-टू पातळी, म्हणजे तिची सगळ्यात वरची पायरी, द्यायची आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकाला २५ गुण. शंभरांत ५० मिळाले की पास, पण एकाही भागात पाचाच्या खाली जायचं नाही. माझ्यासारख्या एकांगी माणसाला ही अट चांगली, नाहीतर वाचनावर गुण घेऊन मी बोलणं टाळलं असतं. आई म्हणेल या वयात परीक्षा कशाला. तारीख नसेल तर दिवाळीनंतर, मग संक्रांतीनंतर, असं ढकललं जाईल, म्हणून. पास-नापासाचं मला फारसं नाही, आणि नापास झालेच तर फी बुडाली एवढंच.

बी-टू झालं तरी मार्टिन लगेच वाचता येईल असं नाही बरं का बाबा. फ्रेंचमध्ये इतिहास लिहायचा एक वेगळाच भूतकाळ असतो, जो बोलण्यात कुणी वापरत नाही, आणि आम्ही तो परीक्षेपुरता बघून सोडून दिला होता. त्या काळचं स्पेलिंगही निराळं, आज क्रियापदात जिथे ए-आय लिहितात तिथे तेव्हा ओ-आय लिहीत. फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाने हा बदल स्वीकारला तो १८३५ मध्ये. छापील आवृत्तीत हे किती सुधारून घेतलंय ते बघू. तुम्हाला मोडीतले ऱ्हस्व-दीर्घ त्रास देतात, मला हे देईल.

आता तुमच्याकडून काय हवंय ते.

एक तर रविवारी सकाळी सातच्या आत फोन नको. रात्री साडेआठला मीच करेन, रोजच्यासारखाच. मी उचलला नाही म्हणून आईने शेजारच्यांना फोन लावायचा नाही.

दुसरं म्हणजे माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत माझ्या रानडेच्या वह्या असतील, आईने ब्राऊन पेपरची कव्हरं घालून दिलेल्या. त्या मला हव्यात. माझंच अक्षर आणि मीच काढलेले तक्ते पाहून जे आठवेल ते नव्या पुस्तकाने आठवणार नाही. पण बाबांनी शिडी लावायची नाही. मी पुढच्या शनिवारी येतेय, तेव्हा मीच काढेन.

तिसरं, बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन. ते या सगळ्याच्या आधी. डॉक्टर म्हणतील ती तारीख घ्या, माझं वेळापत्रक विचारत बसू नका. त्या पंधरवड्यात मी वाईतच राहणार आणि अभ्यास गणपतीच्या घाटावर बसून करणार. कृष्णाबाईच्या उत्सवालाही दरवर्षीसारखी येणार. वर्षाचा आराखडा करतानाच मी ही भोकं मोकळी सोडलीत. एक तास बुडाला की सगळं बुडालं, असं वेळापत्रक माझ्या वयात कुणी करू नये.

आणि थंडीत पाँडिचेरीला जाऊ या, तिघं. तिथे गल्लोगल्ली फ्रेंच ऐकू येईल अशी माझी समजूत नाही. रस्त्यावर तमिळच आहे, पाट्यांवर जुनी फ्रेंच नावं आहेत एवढंच. मार्टिनची वखार पुढे जिथे वाढली तो किल्लाही इंग्रजांनी १७६१ मध्ये जमीनदोस्त केला. पण १९५४ पर्यंत ते गाव फ्रेंचांकडे होतं, घरात अजून फ्रेंच बोलणारी म्हातारी माणसं आहेत, आणि चार वाक्यं बोलायला मला कुणीतरी भेटेलच. बाबा, तिथून जिंजी साधारण सत्तर किलोमीटर आहे. महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेली, राजाराम महाराजांनी पुढे इतकी वर्षं झुंजवलेली जिंजी. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले, त्यात महाराष्ट्राबाहेरचा तो एकच. वरपर्यंत चढायचं नाही, खालचं धान्यकोठार आणि कल्याण महाल पाहून परत. परतीला आईचं रामेश्वर. मदुराईमार्गे रेल्वेने जमेल, मी बघून ठेवते.

तेव्हा बाबा, १६७७ च्या त्या महिन्यांबद्दल मराठी साधनांत काय काय आहे याची एक यादी करायला घ्या. मार्टिन वाचताना तारखा ताडून पाहायला लागतील. आई, तुझ्याकडे रामेश्वरच्या यात्रेचा कोणता महिना चांगला म्हणतात ते काकूंना विचार, आणि त्यांना कॅनडाचंही सांगून टाक, नाहीतर त्या मला स्वेटर विणून पाठवतील.

निनादचा दोघांना नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. शनिवारी येताना बाबांची गोळ्यांची नवी चिठ्ठी लागेल. जुन्या चिठ्ठीवर दुकानदार देत नाही म्हणाला. फोनवरून फोटो पाठवायला शेजारच्या ओमला सांगा.