हात आधी लोंबू दे

येरवडा, पुणे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला व्हिडिओ काल रात्री पंधरा-वीस वेळा पाहिला. स्विंग नाही, गोल्फच्या बॉलसमोर उभी राहतेस ते दोन सेकंदच पुन्हा पुन्हा थांबवून पाहिले. फोनवर बोललो तर तू "हो बाबा, हो बाबा" करून ठेवून देतेस, म्हणून लिहितोय.

तू हात बॉलकडे लांबवतेस आणि मनगटं खाली दाबतेस. त्यामुळे क्लबच्या, म्हणजे काठीच्या, डोक्याचं तुझ्यापासून लांबचं टोक जमिनीवरून उचललं जातं. आयर्नचा, म्हणजे लोखंडी डोक्याच्या क्लबचा, फेस (बॉलला लागणारी बाजू) तिरका असतो ना, टोक वर गेलं की तो तिरकेपणा डावीकडे कलतो. तसाच लागला तर बॉल डावीकडे जाणारच. गोफण फिरवताना दगड हाताला बाहेर ओढतो, तसं क्लबचं डोकं खाली येताना मनगटांना ओढतं, आणि बॉलला लागताना हात आधी उभं राहताना होते त्यापेक्षा थोडे वर येतात. ते सगळ्यांचेच येतात. पण तू इतक्या खालून सुरुवात करतेस की ते किती वर येतील याचा नेम राहत नाही. एक शॉट डावीकडे, दुसरा बॉलच्या नुसत्या डोक्यावर घासून, असं म्हणून होतं.

ही सवय माझ्यामुळे लागली. तू सात वर्षांची असताना मी एक जुना, मोठ्या माणसांचा सात नंबरचा क्लब कापून तुझ्या हातात दिला. कापूनही तो तुला लांबच होता. तो जमिनीला टेकवायला तू हात खाली नेलेस, लांब उभी राहिलीस, आणि जड डोकं सावरायला मनगटं आवळलीस. बॉल उडतोय एवढं पाहून मी खूश होतो. तेव्हा तुझ्या मापाचा क्लब घ्यायला हवा होता. पैसे नव्हते हे खरं, पण उसने मागता आले असते.

आता असं कर. क्लब न घेता उभी राहा. कमरेतून वाक, पाठ सरळ, गुडघे थोडे सैल. दोन्ही हात खांद्यांपासून नुसते लोंबू दे. ते जिथे थांबतील तिथेच तळवे जुळव. तीच तुझ्या आयर्नची जागा. दांड्याचं वरचं टोक आणि मांडी यांच्यात साधारण एक मूठ मावेल. खात्री करायची असेल तर क्लब धरून उभी राहा आणि उजवा हात सोडून दे. तो मांडीकडे मागे गेला तर समज, तू बॉलकडे हात लांबवला होतास. ड्रायव्हर, लांब फटक्याचा क्लब, स्वतःच लांब असतो, त्याला हात थोडे पुढे जाणारच, त्याची काळजी करू नकोस.

डावा हात सरळ ठेव, पण कोपर ताणून कुलूप लावू नकोस. उजवं कोपर सैल, उजव्या कमरेकडे वळलेलं. उजवा हात ग्रिपवर खाली असतो म्हणून उजवा खांदाही थोडा खाली हवा. तू तो हात ताठ करतेस की खांदा पुढे येतो. डाव्या मनगटाच्या मागे बारीकसा खळगा दिसेल, तो राहू दे, मुद्दाम सपाट करू नकोस. आयर्नला हात डाव्या मांडीच्या आतल्या बाजूसमोर पुरे. त्याहून पुढे, बॉल जायच्या दिशेला, ढकललेस की फेसचा तिरकेपणा कमी होतो आणि बॉल खालून पळतो.

आणि पकड. पालखी पुण्यात यायची तेव्हा तुझे आजोबा दिंडीत टाळ वाजवायचे, आठवतं? दोरी बोटांत, मनगट मोकळं. टाळ मुठीत आवळला की नाद मरतो. क्लबही तसाच बोटांत धर.

कोर्सवर कॅडी म्हणून मी वर्षानुवर्षं बॅगा वाहिल्या. कोणी मला स्विंग शिकवला नाही. पण मागे उभं राहून हात कसे लोंबतात एवढं पाहिलं तरी बॉल कुठे जाईल ते बऱ्याचदा आधी कळायचं. २०२१ मध्ये आपल्या पुण्याचा गोल्फर उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला, तेव्हाही मी तुला शॉटच्या आधीचंच बघ म्हणत होतो.

तू विचारलंस, तो अमेरिकन गोल्फर ब्रायसन डीशँबो तर हात चांगले उंच धरतो. धरतो, आणि २०२० व २०२४ ची यूएस ओपन त्याने जिंकली. पण तेव्हा त्याच्या आयर्न एकाच लांबीच्या, ग्रिप जाड, सगळं त्या उभं राहण्याला धरून जुळवलेलं. त्यातली एकच गोष्ट उचलू नकोस.

पुढचा व्हिडिओ बॉल जायच्या रेषेत, मागून काढ, मोबाईल हातांच्या उंचीवर ठेवून. जमिनीवर ठेवलास की हात आहेत त्याहून उंच दिसतात. आठवडाभर रोज दहा मिनिटं फक्त उभं राहायचं, बॉल नको. आई लाडू पाठवतेय.

तुझा,
बाबा